शेवाळे अंपायर आणि न दिसलेला चेंडू

वर्षातून एकदा मी डोळे तपासायला जातो. हनुवटी त्या यंत्रावर टेकवली की तिथली मुलगी सांगते, "काका, डोळा उघडा ठेवा हं," आणि डोळ्यावर फस्सकन हवेचा झोत येतो. मी दचकतो. दर वर्षी दचकतो. मग ती विचारते, "घरात कोणाला काचबिंदू होता का?" मी नाही म्हणतो आणि बाहेर बाकावर येऊन बसतो, तेव्हा मला शेवाळे आठवतात. ते माझ्या घरातले नव्हते. पण मी दर वर्षी त्या बाकावर जाऊन बसतो तो त्यांच्यामुळेच.

मुरलीधर शेवाळे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइन विभागात फोरमन होते आणि मी लेखा विभागात. एरवी आमचा संबंध येण्याचं कारण नव्हतं. पण नव्वदच्या दशकात आमच्या कॉलनीत क्रिकेटचं वेड होतं. थंडी सुरू झाली की दर रविवारी विभागाविभागांचे सामने लागायचे. बॉयलर विरुद्ध टर्बाइन, कोळसा विरुद्ध कार्यालय. मला खेळता येत नव्हतं, पण अक्षर बरं होतं, म्हणून मला स्कोअरर केलं. शेवाळे अंपायर होते. त्यांनी तिकडून हात करायचा, मी इकडून हात वर करून इशारा मिळाला म्हणून सांगायचं. अशी आमची ओळख बरीच वर्षं नुसत्या हातवाऱ्यांची होती.

माणूस उंच, रंगानं काळासावळा, देवळ्याकडचा. गावी भाऊ कांद्याच्या व्यापारात. शेवाळे नोकरीला लागून कॉलनीत आले तेव्हापासून शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे, पण राग आला की "लय झालं आता" असं तोंडातून यायचंच. अंपायरिंगचा पांढरा कोट त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, घरच्या मशिनवर शिवला होता. तो एका बाजूनं जरा लांब होता. शेवाळ्यांना कोणी तसं दाखवलं तर ते म्हणायचे, "कोट बरोबर आहे, तुम्ही वाकडे उभे आहात."

निर्णय द्यायला ते फार वेळ घ्यायचे. सगळी टीम ओरडून थकायची, फलंदाज बॅट काखेत घालून वाट बघायचा, आणि शेवाळे खाली बघत उभे. मग एकदम बोट वर जायचं किंवा मान हलायची. त्यानंतर देव खाली आला तरी बदल नाही. "दिसलं तर दिलं," एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा बॉयलरच्या सोनवण्यानं पायचीतचं जोरदार अपील केलं. हा सोनवणे धावत येऊन चेंडू टाकायचा कमी आणि ओरडायचा जास्त. शेवाळ्यांनी मान हलवली. सोनवणे म्हणाला, "साहेब, सरळ स्टंपात होता!"

"असेल."

"मग?"

"तू टाकून माझ्या पुढ्यात आलास. मला तुझी पाठ दिसली. पाठीवर कसा देऊ आउट?"

मी स्कोअररच्या टेबलावरून हे ऐकलं आणि मला हा माणूस आवडला. आपल्याला दिसलं नाही हे चारचौघांत सांगणारा अंपायर मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही फारसे पाहिले नाहीत.

पुढे पुढे त्यांच्या धाडसाच्या गोष्टी कॉलनीत सांगितल्या जाऊ लागल्या. ते फलंदाजाच्या बाजूला, स्क्वेअर लेगला उभे असताना सीमेवरून फेकलेला चेंडू त्यांच्या उजव्या कानाजवळून सणसणत जायचा आणि ते हलायचेही नाहीत. पोरं म्हणायची, "शेवाळे साहेबांचं काळीज बघा. डोळ्याची पापणी लवत नाही." मलाही कौतुक वाटायचं. त्याच सुमाराला चहाच्या टपरीवर दोनदा कोणाचा तरी ग्लास कोपरानं पाडताना मी त्यांना पाहिलं होतं. दाराची चौकट खांद्याला लागणं नेहमीचं. सुमनवहिनी म्हणायच्या, "अहो, उंटासारखे चालता. जरा बघून चाला." पण या गोष्टी एकमेकींना जोडून बघायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांचा चष्मा नवा होता. चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली होती. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं ते आम्हाला वाचून दाखवायचे. मग डोळ्यांत खोट असेल असं वाटणार कसं?

मग तो रविवार आला. टर्बाइन आणि बॉयलरचा सामना होता. शेवाळे स्क्वेअर लेगला. फलंदाजांनी दुसरी धाव काढली, आणि लांबून फेकलेला चेंडू सरळ त्यांच्या दिशेनं येऊ लागला. चारी बाजूंनी ओरडा झाला. "साहेब! साहेब, बाजूला!" शेवाळे क्रीजकडे बघत शांत उभे होते. चेंडू उजव्या भुवईवर बसला आणि ते खाली बसले.

रक्त फार नव्हतं. दवाखान्यात दोन टाके घातले. पण भुवई सुजून डोळा बंद झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आत मार लागला नाही ना, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. दोन दिवसांनी सूज उतरल्यावर मीच त्यांना माझ्या स्कूटरवर नाशिकला घेऊन गेलो. वहिनी बसनं आल्या.

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. बोलायला मोजक्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, निळ्या दिव्याच्या यंत्रातून पाहिलं, मग बाहुली मोठी करून पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुसरा डोळाही तसाच पाहिला. वहिनी न राहवून म्हणाल्या, "फार लागलंय का हो आत?"

"चेंडूनं काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "भुवई भरून येईल. पण मला वेगळं विचारायचंय. एवढा मोठा लाल चेंडू अंगावर येत होता, तो तुम्हाला दिसला का नाही?"

शेवाळे म्हणाले, "माझं लक्ष क्रीजवर होतं."

"लक्ष क्रीजवर असलं तरी बाजूनं येणारं कळतं माणसाला. मान आपोआप वळते."

शेवाळ्यांनी भुवईवरच्या टाक्यांना हात लावला. मग हळूच म्हणाले, "बरेच दिवस नाही कळत, बाई. मला वाटायचं, मी एकाग्र झालोय."

डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूची शंका आहे, बाजूची नजर मोजून बघू. वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला. "मोतीबिंदूच ना? काढून टाका मग. माझ्या आईचा काढला होता, चांगलं दिसायला लागलं."

"मोतीबिंदू नाही, काचबिंदू," बाई म्हणाल्या. "तो काढता येत नाही."

बाजूची नजर मोजायचं यंत्र म्हणजे एक मोठं पांढरं भांडं आडवं ठेवल्यासारखं. त्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. शेवाळे आत बसले. आम्ही दाराशी उभे. यंत्र चालवणारी मुलगी पडद्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. उजवा डोळा झाला, डावा झाला. तिनं कागद नेऊन डॉक्टरांना दाखवला. बाई स्वतः उठून आल्या.

"शेवाळे, तुम्ही बटण कधी दाबता?"

"दिवा दिसला की."

"नक्की दिसला की?"

"म्हणजे काय! नक्की दिसल्याशिवाय कसं दाबू? काही ठिकाणी वाटलं, काहीतरी चमकून गेलं. पण खात्री नव्हती. नाही दाबलं. फुकट मार्क नकोत मला."

मी मागून म्हणालो, "बाई, हे अंपायर आहेत."

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "इथे तुम्ही अंपायर नाही. इथे तुम्ही अपील करणारे. पुसट वाटलं तरी दाबा. खरं-खोटं यंत्र बघून घेईल. तुम्ही असे कडक राहिलात तर चांगल्या नजरेलाही मी आंधळी समजेन आणि नको तेवढं औषध देईन."

शेवाळ्यांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी आधी विचारलं, चुकून दाबलं गेलं तर? बाई म्हणाल्या, थोडं चुकलेलं चालतं, यंत्राला ते कळतं. मग ते पुन्हा बसले. दुसऱ्यांदा काढलेला कागद पहिल्यापेक्षा बरा निघाला. पण एवढाही बरा नाही. उजव्या डोळ्याच्या कागदावर कडेचा बराचसा भाग काळा होता, मध्ये थोडं पांढरं. डाव्या डोळ्याला वरच्या कोपऱ्यात काळी कड लागायला सुरुवात झाली होती.

डॉक्टरांनी ते दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि सोप्या भाषेत समजावून सांगितलं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं बाहेर जातं. ती वाट अडखळली की आतला दाब वाढतो. दाबानं मागची नस हळूहळू सुकते. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं जातं, मधलं शेवटी. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मधलं शाबूत असतं, म्हणून तक्ता वाचता येतो.

"गेलेलं परत येणार का?" शेवाळ्यांनी विचारलं.

"नाही."

"राहिलेलं?"

"राखता येईल. रोज थेंब घालायचे. सकाळ-संध्याकाळ. जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही. आणि मी बोलवीन तेव्हा यायचं, बरं वाटत असलं तरी."

येताना वहिनींना बसमध्ये बसवून आम्ही स्कूटरवर निघालो. उपनगर नाक्याच्या पुढे शेवाळे माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पाटणकर, मला एक सांगा. गेल्या दोन सीझनमध्ये मी किती जणांना चुकीचं दिलं असेल?"

मी म्हणालो, "तुम्ही समोरचंच देत होता. समोरचं तुम्हाला दिसतंय."

"असं कसं? रनआउटला चेंडू कुठून येतो? बाजूनंच येतो ना?"

मागे बसलेल्या त्यांच्या हाताची पकड मला खांद्यावर जाणवत होती. सिन्नर फाट्याला आम्ही चहा प्यायलो. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. सगळ्यांना वाटलं, भुवईचे टाके निघाले, आता शेवाळे येणार. ते आले, पण कोट घालून नाही, हातावर टाकून. दोन्ही संघांना जवळ बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं. "मला काचबिंदू निघाला आहे. उजवीकडचं मला दिसत नाही. यापुढे मी उभा राहणार नाही." क्रीडा समितीचे लोक म्हणाले, अहो, बोलरच्या टोकाला तरी उभे राहा, तिथलं समोरच असतं. शेवाळे म्हणाले, "अर्धा अंपायर नसतो."

मग ते सोनवण्यासमोर जाऊन उभे राहिले. सोनवणे घाबरला. त्याला वाटलं, आपली काही चूक झाली.

"गेल्या वर्षी तू त्या कोळशाच्या बॅट्समनला रनआउट केलंस. मी दिला नाही. आठवतं?"

"हो साहेब."

"मला चेंडू आलेलाच कळला नव्हता. नुसती स्टंपवरची बेल पडलेली दिसली. मॅच तिथं फिरली. मला माफ कर."

पन्नास माणसं ऐकत होती. सोनवण्याचे कान लाल झाले. तो चप्पलेनं माती उकरत म्हणाला, "साहेब, तो नाबादच होता. बॅट आत होती त्याची. मी उगाच बोंबललो होतो."

मग शेवाळेच हसायला लागले. इतके हसले की टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. सगळं मैदान हसलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साहेबांना अर्ज देऊन टर्बाइनच्या मजल्यावरच्या फेऱ्या सोडल्या आणि भांडाराचं टेबल मागून घेतलं. तिथे शिड्या नव्हत्या, अरुंद लोखंडी जाळ्यांवरून चालणं नव्हतं.

त्यांचे थेंब ही मग कॉलनीतली प्रसिद्ध गोष्ट झाली. सकाळच्या भोंग्याला एकदा, संध्याकाळच्या भोंग्याला एकदा. मान मागे, खालची पापणी ओढून एक थेंब, मग डोळे मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसायचं. औषध नाकात उतरू नये म्हणून तसं दाबायचं असतं, हे ते समोर येईल त्याला सांगायचे, अर्थात थेंब घालून झाल्यावर. घालताना बोलायचे नाहीत. एकदा त्यांच्या टेबलापाशी मोठे साहेब काहीतरी तातडीचं विचारायला आले. शेवाळे डोळे मिटून बसलेले. साहेब म्हणाले, "शेवाळे, झोपलात काय?" शेवाळ्यांनी मोकळा हात आडवा करून त्यांना थांबवलं, नोबॉलला करतात तसा. साहेब बिचारे थांबले. पुढे त्याच साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांचा दाब तपासून घेतला, हेही खरं.

आमच्याकडे राख फार उडायची, डोळे चुरचुरायचे. बरेच जण मेडिकलमधून कुठलेतरी थेंब आणून घालायचे, एकाचे दुसऱ्याला द्यायचे. शेवाळ्यांनी एका फिटरच्या हातातली तशी बाटली काढून घेतली. त्यांना डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की काही थेंबांत स्टिरॉइड असतं, लाली जाते, पण महिनोन् महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढतो. फिटर म्हणाला, "मला तर यानं लगेच बरं वाटतं." शेवाळे म्हणाले, "लगेच बरं वाटणाऱ्यावर तू एवढा विश्वास का ठेवतोस? बाईंना विचारून ये, मग घाल." तो चिडला, पण गेला.

सगळ्यात मोठी लढाई मात्र घरचीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याचा संभव बराच असतो, त्यांना तपासायला आणा. शेवाळ्यांना एकच धाकटा भाऊ, बापू. देवळ्याला कांद्याचा व्यापार, धिप्पाड अंग, आवाज दणदणीत. शेवाळ्यांनी दोनदा निरोप पाठवला, एकदा फोन केला. बापू म्हणायचा, हंगाम संपू दे. कांद्याचा हंगाम संपला की दुसरं काही निघायचं. शेवटी एका शनिवारी शेवाळे मला म्हणाले, "पाटणकर, चला माझ्याबरोबर. परक्या माणसासमोर तो शिव्या देणार नाही."

आम्ही एसटीनं गेलो. वाटेत वणीच्या फाट्यावर देवीचे भाविक उतरले, गाडी रिकामी झाली आणि खिडकीची जागा मिळाली. शेवाळे डावीकडच्या खिडकीशी बसले, म्हणाले, "इकडून मला सगळं दिसतं."

बापू कांद्याच्या चाळीपाशी खुर्ची टाकून बसला होता. विषय निघताच म्हणाला, "माले समदं दिखस, भाऊ. उडतं पाखरू दिखस."

शेवाळे म्हणाले, "माले बी आधी समदं दिखे, बापू."

दोघं भाऊ आपल्या बोलीत बराच वेळ वाद घालत राहिले. मग शेवाळ्यांनी बापूला एका डोळ्यावर हात ठेवायला लावलं आणि मला त्याच्या समोर बसवलं. "माझं बघणं कामाचं नाही, तुम्ही बघा. तो तुमच्या नाकाकडे बघेल. तुम्ही बाजूनं बोटं आणा. किती ते विचारा." मी बोटं आणली. बापूनं एकूण एक बरोबर सांगितली, वर खो खो हसला. "झालं? आता जेवा."

"एवढ्यानं कळलं असतं तर डॉक्टरांनी यंत्रं कशाला घेतली असती?" शेवाळे म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. बापू ऐकणार नाही हे त्यांनाही दिसत होतं.

जेवताना बापूची बायको, इंदूबाई, भाकरी वाढता वाढता सगळं ऐकत होत्या. मी परका होतो म्हणून त्या आमच्या मराठीत बोलल्या. "भाऊजी, बायकांचे बी तपासतात का तिथं?"

"तपासतात की."

"मग मी येते. मला सुईत दोरा ओवता येत नाय. यांना नाय यायचं तर नाय. हे बसू द्या कांद्यापाशी."

बापू म्हणाला, "तू कशी जाशील?"

"भाऊजींसंगं. नाहीतर जीप हाय ना दारात. चालवायला माणूस नाय का मिळणार?"

बापूनं ताटातला ठेचा बाजूला सारला आणि म्हणाला, "माझ्या जीपला दुसरा माणूस हात नाय लावणार." सोमवारी सकाळी तो स्वतः जीप घेऊन नाशिकला आला, बायकोला तपासून घ्यायला. तपासणी इंदूबाईंची झाली, त्यांना साधा जवळचा चष्मा लागला. मग त्या खुर्चीवरून उठल्या, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला तिथे बसवलं. एवढ्या लोकांत बायकोशी भांडणं बापूला जमलं नाही.

बापूचा दाब वाढलेला निघाला. मागच्या नसेतही फरक पडायला लागला होता. पण बाजूच्या नजरेचा कागद पूर्ण पांढरा होता. काहीच गेलं नव्हतं.

"पण बाई, मला त्रास काहीच नाय," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"त्रास व्हायच्या आधी आलात म्हणून," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाचे आभार माना."

बापूनं भावाचे आभार मानले नाहीत. तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसला, हातात औषधाची बाटली. थोड्या वेळानं शेवाळ्यांना म्हणाला, "हे घालतात कसं?" शेवाळे त्याच्याशेजारी बसले. मान मागे टाकून दाखवली, पापणी ओढून दाखवली, कोपरा दाबून दाखवला. दोन आडदांड माणसं भर सकाळी रस्त्याकडे तोंड करून, माना मागे टाकून, नाकाला बोट लावून बसलेली. येणारे-जाणारे बघत होते. इंदूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं.

थेंब नियमानं घालूनही शेवाळ्यांच्या उजव्या डोळ्याचा दाब पुढे काही वर्षांनी पुन्हा चढू लागला. शस्त्रक्रिया करावी लागली. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी धास्तावल्या होत्या. शेवाळे त्यांना समजावत होते. "दिसायला लागणार नाही, हे मला बाईंनी स्वच्छ सांगितलंय. आहे ते राहावं म्हणून करतायत. मॅच जिंकायची नाही, वाचवायची आहे. दिवस खेळून काढायचा." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मॅचा घाला चुलीत." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारणीला सांगितलं, की आहे ते राखण्यासाठी करतायत, आणि नीट सांगितलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. जेवढं होतं तेवढं राहिलं.

ते निवृत्त होऊन जेल रोडला राहायला गेले. रविवारी मात्र कॉलनीच्या मैदानावर यायचेच. आता ते नवीन अंपायर तयार करायचे. त्यांचा पहिला चेला कोण, तर सोनवणे. ज्यानं जन्मभर खोटी अपिलं केली त्यालाच त्यांनी पांढरा कोट घातला. म्हणाले, "खोटं अपील कसं असतं हे याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?" सोनवणे उत्तम अंपायर झाला. चाळिशी ओलांडलेला कोणी मैदानावर दिसला की शेवाळे आधी धावसंख्या विचारायचे आणि मग डोळे तपासलेत का ते. लोक कंटाळायचे. काही जण त्यांना बघून लांबून वळायचे. पण बरेच जण जाऊन तपासून आले, आणि मलाही त्यांनी तेव्हाच पिटाळलं. तपासून आल्यावर आपण होऊन त्यांना सांगायला जावं असं वाटायचं. सांगितलं की ते फक्त "छान" म्हणायचे, आणि दिवसभर खुशीत असायचे.

पुढे माझी बदली परळीला झाली. अधूनमधून फोन व्हायचे. नाशिकला येणं क्वचितच. एकदा एप्रिलमध्ये काही कामासाठी आलो होतो. दुपारच्या वेळी त्याच दवाखान्यासमोरून जाताना समोरच्या फूटपाथवर, दवाखान्याच्या दाराशी मला शेवाळे दिसले. बरोबर सुमनवहिनी. वहिनींचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. शेवाळ्यांच्या खांद्याला कापडी पिशवी, हातात वहिनींच्या औषधांचा कागद. त्यांना रस्ता ओलांडून माझ्या बाजूच्या रसवंतीवर यायचं होतं. वाहनं थांबत नव्हती. मी हाक मारणार होतो, पण थांबलो. उगाच घाईनं इकडे यायला बघतील असं वाटलं.

दोघं कडेला उभे होते. वहिनींनी त्यांच्या शर्टाची बाही धरली होती. शेवाळे डावीकडे बघत होते, वहिनी उजवीकडे. गाड्यांच्या आवाजात दोघं मोठ्यानं बोलत होते, ते मला इकडे ऐकू येत होतं.

"रिक्षा येतेय. थांब," शेवाळे म्हणाले.

रिक्षा गेली. मागून एक टेम्पो गेला.

"माझ्याकडून मोकळं आहे. तुझ्याकडे?"

"इकडेही कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "चला."

आणि दोघं अगदी सावकाश, रस्त्याच्या मधोमध न थांबता, पलीकडे आले.